नावडत्या कामाची गोडी

पहांटेच्या थंडींत गोठ्यांतील शेण काढावयास निघालेल्या मनुष्यास कोणी विचारिलें कीं, "बाबा, तुला या कामाची आवड आहे काय?" तर तो हंसेल. गाईची आवड त्यास असेल, दुधाची असेल. परंतु ओल्या शेणांत हात घालण्याची आवड कोणास असते? तरी गोठा रोज साफ होतो. आवड नसतांही काम होतें, ही गोष्ट आपणां खेड्यांतील लोकांस नवी नाहीं. प्रश्न इतकाच कीं, तें कशाच्या बळावर होतें, आणि तें बळ टिकवावें कसें?

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, प्रथम मनांत उत्साह उत्पन्न व्हावा व मग हात कामास लावावा. या समजुतीनें कित्येक कामें कायमचीं पडून राहतात. खुरपणीस बसलेल्या बाईस विचारा. पहिली पात धरितांना तिचें अंग जड असतें. पण ती पात पुरी करून मागें पाहिलें म्हणजे स्वच्छ झालेलें रान दिसतें, आणि दुसऱ्या पातीस हात आपोआप चालूं लागतो. उत्साह हा बहुतकरून कामाचा बाप नव्हे, लेक आहे. त्याची वाट पाहत बांधावर बसणारा संध्याकाळपर्यंत बसूनच राहतो.

दुसरें बळ काम कोणासाठीं आहे हें डोळ्यांपुढें ठेवण्यांत आहे. रात्रीच्या वर्गांत प्रौढ माणसांस तींच अक्षरें पंधराव्या वेळीं गिरवून घेणाऱ्या शिक्षकास त्या अक्षरांत काय गोडी उरणार? परंतु आज अंगठा उठविणारा हा मनुष्य उद्यां कर्जाचा कागद स्वतः वाचून मग सही करील, हें ज्याच्या मनांत आहे, तो सोळाव्या वेळींही पाटी हातीं घेतो.

येथें एक आक्षेप निघेल, व तो खरा आहे. आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें कीं, मेलेलें ढोर ओढणें व गांवची घाण काढणें हें तुमच्या जन्माबरोबर आलेलें काम आहे; आवडनावड विचारूं नका. त्यांच्याच मुलाबाळांस "नावडतें काम आनंदानें करा" असा उपदेश करणें म्हणजे जुनेंच जूं नवा रंग देऊन त्यांच्या मानेवर ठेवणें नव्हे काय? हा प्रश्न टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. गांवकामगारांचीं कनिष्ठ वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं, व हातानें मैला काढविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे; तरी ती चाल समूळ गेली असें म्हणवत नाहीं. म्हणून प्रथमच स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, कामाची किळस ही एक गोष्ट व त्यांतील अन्याय ही दुसरी. किळस सोसतां येते. अन्याय सोसूं नये, तो मोडावा.

या दोहोंतील भेद ज्यानें कृतीनें दाखविला असा एक पुरुष आपल्या कोंकणांत होऊन गेला. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) हे जातीनें ब्राह्मण. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां त्यांनीं भंगीकाम मागितलें. तें काम त्यांच्या जातीच्या कैद्यास देतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. तेव्हां त्यांनीं अन्नत्याग आरंभिला, व त्यांस पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगांत महात्मा गांधींनींही त्या वर्षाच्या डिसेंबरांत उपोषण केलें. जें काम टाळण्यासाठीं लोक धडपडतात, तें मिळावें म्हणून हा मनुष्य उपाशी राहिला! पुढें १९४८ सालीं त्यांनीं कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला, आणि मैल्याचें खत व्हावें असे सोपे संडास बांधणें, मृत जनावरांचें कातडें सोलून उपयोगांत आणणें, अशा कामांत आपलें आयुष्य घातलें.

त्यांस घाणीची आवड होती असें समजूं नये. हें काम अमक्याचेंच, ही रेघ त्यांस पुसावयाची होती, आणि त्या कामांतील घाण कमी करावयाची होती. यांतच वरील आक्षेपाचें उत्तर आहे. नावडतें काम करणाऱ्याकडून आपण सोशिकपणाची अपेक्षा करितों. तर तें पाळीनें वांटून मागण्याचा व तें सुधारण्याचा त्याचा हक्कही आपण मानिला पाहिजे. हा हक्क नाकारून केलेला उपदेश म्हणजे ढोंग होय.

आतां आपल्या घराकडे पाहूं. सभा उठल्यावर सतरंज्या कोण झाडतें? जेवणानंतर मोठीं पातेलीं कोण घांसतें? बहुधा त्याच दोघी बाया, वर्षानुवर्षें. मग त्यांचा उत्साह आटला म्हणून आपण कुरकुर करितों. वडीलधाऱ्यांनीं पहिली पाळी स्वतः घ्यावी. पुढें उपदेशाची गरज फारशी राहणार नाहीं. शेतांत आपण सावड करितों, इर्जिक घालितों. एकट्यास डोंगराएवढें वाटणारें काम दहा हातांनीं एका दिवसांत उरकतें. तीच रीत येथें कां नसावी?

एकट्यानेंच करावयाचें असेल, तर वेळ ठरवावी, काम लहान वांट्यांनीं घ्यावें, व हत्यार चांगलें ठेवावें. बोथट खुरप्यानें अर्धा कंटाळा येतो. ज्या दिवशीं मन मुळींच वळत नाहीं, त्या दिवशीं थोडेंच करावें, पण अजिबात चुकवूं नये. कारण एक दिवस चुकला म्हणजे दुसरा चुकविणें सोपें जातें.

आणि इतकें करूनही मन घेतच नसेल, तर त्यास आळशी ठरविण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: या कामानें कोणाचें खरोखर हित होतें काय? आणि तें माझ्याच वांट्यास कां? पहिल्याचें उत्तर मिळालें नाहीं, तर तें काम सोडावें. दुसऱ्याचें मिळालें नाहीं, तर चार माणसांत उभें राहून तें विचारावें. दोन्ही उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर मग उठावें व गोठ्याकडे जावें. गाय वाट पाहत असते.