लहान तोंडी

म्हणीला कर्ता नसतो, म्हणून तिची उलटतपासणी घेता येत नाही. भांडणात असा साक्षीदार ज्याच्या बाजूने उभा राहिला, त्याने निम्मा खटला तिथेच जिंकला.

पश्चिम आफ्रिकेतले योरुबा लोक म्हणीला बोलण्याचा घोडा म्हणतात. बोलणं हरवलं की या घोड्यावर बसून ते शोधायला निघायचं. मात्र घोड्यावर कोणी बसायचं, याचा रिवाज आहे. वडीलधाऱ्यांसमोर लहानाने म्हण वापरली तर त्याने माफी मागायची. मग वडील म्हणणार, आणखी म्हणी सांगायला तुला आयुष्य लाभो. आपल्याकडे ही माफीसुद्धा म्हणीतच मागतात: लहान तोंडी मोठा घास घेतो. तोंड वयाने लहान असेल तर हरकत नाही, वय वाढतं. जातीने, गरिबीने, बाईपणाने लहान ठरवलेलं तोंड साठीतही लहानच राहतं.

एक आडवळण. चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात शरणपूर वसवलं, गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे शिकवलं. ती मुलं बहुतेक पूर्व आफ्रिकेतली. योरुबांचा मुलूख दुसऱ्या टोकाला. पण सोसायटी तीच. तिचेच सॅम्युअल क्राउथर, लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले योरुबा, यांनी १८५२च्या आपल्या शब्दसंग्रहात स्वतःच्या लोकांच्या म्हणी नोंदवल्या. मराठी म्हणींचा मोठा इंग्रजी संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डहून निघाला, तोही याच सोसायटीच्या मॅनवेअरिंग यांचा. क्राउथर म्हणी ऐकत वाढले होते. मॅनवेअरिंगना त्या कोणीतरी सांगितल्या. सांगणारे कोण होते, हे कोणत्याही संग्रहाला विचारण्यासारखं आहे.

‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण महारवाड्यात जन्मली नाही, एवढं सांगायला पुरावा लागत नाही.

उलट ‘भाव तेथे देव’ ही सगळ्यांची म्हण. निदान तसं सांगितलं जाई. २ मार्च १९३० रोजी हजारो माणसं पंचवटीतल्या काळाराम मंदिराकडे चालत गेली, आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. बाबासाहेब आंबेडकरांच्या आणि भाऊराव गायकवाडांच्या, म्हणजे पुढच्या दादासाहेबांच्या, नेतृत्वाखाली सत्याग्रही चारही दारांशी बसले. त्यांच्या मागणीत नवं काही नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या जी म्हण त्यांना समजूत घालायला ऐकवली गेली, तिची ते वसुली करायला आले होते. भाव आणला आहे, देव दाखवा.

म्हण ऐकवणाऱ्याला वसुलीची सवय नसते.

९ एप्रिलला कामदा एकादशी, रामाच्या रथाचा दिवस. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा, असं ठरलं होतं. ‘गाव करी ते राव न करी’ खरं करून दाखवायची ती वेळ होती. ठरलेलं मोडलं आणि दगड सुरू झाले. त्या दिवशी गाव कोणाला म्हणायचं, हेच ठरलेलं नव्हतं.

लढा पाच वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं की जन्म हिंदू धर्मात झाला तरी मरण त्यात येऊ देणार नाही. येवला नाशिक जिल्ह्यातच. देवळापाशी पाच वर्षं भाव मोजून झाल्यावर माणसं देवच बदलायला निघतात, याचं नवल वाटणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आपल्या म्हणींत समेटाचा भाग मोठा आहे. घरोघरी मातीच्या चुली. भांड्याला भांडं लागायचंच. एका हाताने टाळी वाजत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चारही शहाण्या, आणि चारही बहुधा मार खाल्लेल्यालाच सांगितल्या जातात. मारणाऱ्याला कोणी टाळीचं गणित समजावत नाही. सुनेला चुली दाखवतात. सासूला दाखवल्याचं ऐकलं नाही.

शांतता हवी असणारे दोन प्रकारचे असतात. एकाला भांडण मिटायला हवं असतं, दुसऱ्याला आवाज.

‘तळे राखील तो पाणी चाखील.’ मुळात राखणदाराच्या किरकोळ चोरीकडे काणाडोळा करणारी म्हण. दुष्काळात ती हक्काची सनद होते. गंगापूर, दारणा धरणांचं पाणी खाली जायकवाडीला सोडायचा विषय निघाला की नाशकात ती तापते, मराठवाड्यात तिचं नाव नको असतं. यावर म्हणीने तोडगा निघाला नाही. २००५चा कायदा लागला आणि त्याखालचा २०१४चा आदेश: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडावं. टक्केवारीवरही भांडण होतं, कोर्टापर्यंत गेलं. पण आकडा कसा काढला, हे तरी विचारता येतं.

जातीच्या पंचांना तेवढंही विचारता येत नसे, कारण ‘पाचामुखी परमेश्वर’. पाच जणांनी विचार करून बोलावं, एकट्याच्या लहरीवर न्याय सोपवू नये, अशी चांगली कल्पना तिच्यात आहे. पण ती पाच तोंडं कोणाची, हे म्हण सांगत नाही. बाईचं त्यांत नसतंच. योरुबांची एक म्हण अशी: बाजारात वडीलधारं माणूस हजर असताना, पाठीवर बांधलेल्या तान्ह्याची मान कलंडलेली राहू नये. वडीलपणाची एवढी रोख व्याख्या मला मराठीत सापडलेली नाही. आपल्या म्हणी वडिलांचा मान राखतात. वडिलांना काम लावणाऱ्या थोड्या.

२०१३ साली नाशकात एका बापाने आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा जीव घेतला. मागे जातपंचायतीचा धाक असल्याचं पुढे आलं. त्या बाजारात वडीलधारे हजर होते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान नाशकातूनच सुरू केलं. वाळीत टाकलेली माणसं राज्यभरातून बोलू लागली. त्यांतल्या अनेकांची तोंडं आयुष्यात पहिल्यांदा पंचांपुढे नव्हे, पंचांविरुद्ध उघडली. २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि २०१७ च्या जुलैत तो अमलात आला. वाळीत टाकणं आता गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायद्याला तक्रारदार लागतो. तक्रारदार त्याच वस्तीत राहतो, त्याच्या बहिणीचं लग्न त्याच जातीत ठरायचं असतं, मयताला खांदा द्यायला त्याच गल्लीतली माणसं यायची असतात. तो निघाला की चपला घालेपर्यंत घरचेच ऐकवतात, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. म्हण खरी आहे, म्हणूनच अडवते. कायद्याने तक्रार पोलिसांत देता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही. ती पीडिताने करावी किंवा त्याच्या घरातल्या कोणीही, म्हणजे उंबऱ्यात उभं राहून माशांची म्हण ऐकवणाऱ्यांनीसुद्धा.