वाढीव गुण



दहावी-बारावीचे वर्ष जवळ आले की शहापूर-मुरबाडच्या अनेक घरांत एक वाद हमखास सुरू होतो. मुलगी धावण्यात चांगली आहे. शाळेतले सर म्हणतात, तिला जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवू या. आई म्हणते, "अभ्यास बुडेल." वडील म्हणतात, "बुडू दे थोडा, खेळाचे वाढीव गुण मिळतील; पुढे पोलीस भरतीतही उपयोग होईल." दोघांचेही मुलीवर प्रेम आहे आणि दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मात्र आईला धावणे अभ्यासाच्या आड येणारे वाटते आणि वडिलांना गुणांकडे नेणारे. धावण्याला स्वतःचे काही मोल आहे की नाही, हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही. आज आपण त्याचाच विचार करू या.

हा विचार आपल्यापासून दूरचा नाही. कसारा घाट चढून नाशिक जिल्ह्यात गेले की हरसूलच्या बाजूला सावरपाडा हे आदिवासी गाव लागते. डोंगर, पायवाटा आणि शाळेपर्यंतची पायपीट तिथेही आपल्या पाड्यांसारखीच. याच गावच्या कविता राऊत नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झाल्या. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराला रौप्य आणि ५,००० मीटरला कांस्य मिळवले. तिथे सुवर्णपदक विजेत्या प्रीजा श्रीधरन आणि कविता यांच्यात एका सेकंदाचेही अंतर नव्हते. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. लोक त्यांना कौतुकाने 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात.

त्यांच्या मागून नाशिकच्याच संजीवनी जाधव आल्या. माळरानावरची, चढउताराची जी लांब शर्यत असते, तिला क्रॉस-कंट्री म्हणतात. संजीवनी त्या शर्यतीतल्या आणि लांब पल्ल्याच्याही धावपटू. २०१७ मध्ये तैवानमधील तैपेई येथे जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. ही स्पर्धा महाविद्यालयात शिकणाऱ्यांची किंवा नुकतेच पदवीधर झालेल्यांची असते. म्हणजे धावणे आणि शिकणे एकाच आयुष्यात नांदू शकते.

बर्फाच्या देशांत हीच क्रॉस-कंट्री पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत केली जाते. अमेरिकेत तर महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्कीइंग स्पर्धा १९५४ पासून होत आहेत. तिथे एक नियम आहे. विद्यार्थ्याची अभ्यासातली प्रगती ठरावीक पातळीच्या खाली गेली, तर त्याला महाविद्यालयाच्या संघातून खेळता येत नाही. आपल्याकडे नेमके उलटे. खेळात पुढे गेलेल्या मुलांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. तिथे खेळण्यासाठी गुण लागतात, इथे गुणांसाठी खेळले जाते. दोन्हीकडे हेतू चांगलाच आहे. पण आपल्या पद्धतीत एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

अलास्डेर मॅकिंटायर नावाचे एक तत्त्वज्ञ २०२५ मध्ये निवर्तले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक साधे उदाहरण दिले आहे. एका हुशार मुलाला बुद्धिबळ शिकवायचे आहे, पण त्याला त्याची आवड नाही. मग त्याला सांगितले जाते, की माझ्याशी खेळलास तर खाऊला पैसे देईन आणि जिंकलास तर आणखी देईन. मूल खेळू लागते. जोवर त्याचे लक्ष फक्त खाऊवर आहे, तोवर लबाडी न करण्याचे त्याला काहीच कारण नाही. नजर चुकवून सोंगटी सरकवली तरी खाऊ मिळतोच! पण खेळता खेळता एखाद्या दिवशी त्याला त्या खेळातली गंमत कळते. डाव रचण्यातला, समोरच्याची चाल ओळखण्यातला आनंद मिळू लागतो. त्यानंतर त्याने लबाडी केली, तर तो समोरच्याला नव्हे, स्वतःलाच फसवतो. कारण लबाडीने खाऊ मिळतो, हा आनंद मिळत नाही.

प्रत्येक चांगल्या कामाची फळे अशी दोन प्रकारची असतात. काही बाहेरून मिळतात, जसे पैसा, पद, प्रमाणपत्र. काही त्या कामाच्या पोटातच असतात आणि ते काम मनापासून केल्याशिवाय हाती लागत नाहीत. चढावर दम लागलेला असताना पाऊल न थांबवण्याची जिद्द, आपल्या शरीराची ओळख, हरल्यावर जिंकणाऱ्याचा हात हातात घेण्याचा मोठेपणा ही धावण्याच्या पोटातली फळे. अभ्यासाचेही तसेच. गणित सुटल्याचा आनंद कॉपी करून मिळत नाही, मिळतात ते फक्त गुण.

आपल्या मराठी भाषेने इथे मोठी मौज केली आहे. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. पहिले गुणपत्रिकेवर मावतात, दुसरे माणसाच्या वागण्यात दिसतात. पहिल्यांच्या मागे लागून दुसरे गमावले, तर त्या वाढीव गुणांनी नक्की वाढले काय?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे मैदानाला दिली, त्यांच्यासाठी ही सोय न्याय्यच आहे. पण या जागांसाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रे काढल्याची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली. न धावता धावल्याचा कागद! खाऊसाठी सोंगटी सरकवणारे मूल मोठे झाले, की असेच वागते.

कोणी म्हणेल, "फादर, तुमचे तत्त्वज्ञान ठीक आहे, पण आमच्या घरात पगार हवा आहे." हे म्हणणे आम्हाला पूर्ण मान्य आहे. पहाटेच्या अंधारात आपल्या रस्त्यांच्या कडेने जी मुले-मुली भरतीसाठी धावतात, त्यांच्याकडे आम्ही आदरानेच पाहतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्या काही मिनिटांवर एखाद्या घराचे सारे भवितव्य टांगलेले असते. भाकरीसाठी धावणे हे पाप नाही आणि भरल्या पोटाने कोणी त्यांना उपदेश करू नये. आमचे म्हणणे इतकेच, की भाकरी हवी म्हणून धावण्याचे मोल केवळ भाकरीवर ठरवू नये. भरतीच्या यादीत प्रत्येकाचे नाव येत नाही. ज्याचे येत नाही, त्याने तीन वर्षे वाया घालवली काय? केवळ नोकरीच्या मापाने मोजले तर होय. पण पहाटे उठण्याची शिस्त, व्यसनांपासून दूर राहिलेले शरीर, सोबत्यासाठी थांबण्याची सवय, हे तर त्याचेच राहिले. हे कोणतीही यादी त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही. शर्त इतकीच, की धावताना त्याची नजर याही फळांकडे असली पाहिजे आणि घरातल्यांनी त्यांना फळे मानले पाहिजे.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांच्या घाईची. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी अरिस्टॉटलने ऑलिम्पिक विजेत्यांच्या यादीकडे पाहून नोंदवले, की मुलांच्या गटात जिंकून पुढे प्रौढांच्या गटातही जिंकलेले जेमतेम दोन-तीन जणच सापडतात. त्याने कारणही सांगितले. कोवळ्या वयातल्या अति कसरतीने त्यांची शक्ती आटून जाते. म्हणून लहानपणी व्यायाम हलका असावा आणि शरीर व बुद्धी दोघांनाही एकाच वेळी राबवू नये, असे त्याचे मत होते. मैदानावरून दमून आलेल्या मुलाला रात्री बारापर्यंत पुस्तकासमोर बसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पेरणीच्या दिवशीच कापणीचा हिशोब मांडणारा शेतकरी आपल्याकडे शहाणा ठरत नाही.

खेळाडूचा रस्ता सरळ नसतो. संजीवनी जाधव यांनाही तैपेईच्या यशानंतर उत्तेजक द्रव्याच्या चाचणीमुळे दोन वर्षांच्या बंदीला सामोरे जावे लागले. त्यांचा न्याय करणे आमचे काम नाही, तो नियमांनी केला. पण त्या पुन्हा मैदानात उतरल्या आणि २०२३ मध्ये बँकॉकच्या आशियाई मैदानी स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक त्यांनी मिळवले. बंदी संपली म्हणून पाय आपोआप धावत नाहीत, ते पुन्हा तयार करावे लागतात. पडलेल्याला पुन्हा उभे राहायला जागा असावी, हे खेळाइतकेच घरालाही लागू आहे. नापास झालेल्या मुलालाही.

करिंथच्या लोकांना पत्र लिहिताना संत पौलाने धावपटूचा दाखला दिला, कारण त्यांच्या शहराजवळच मोठे खेळ होत आणि विजेत्याला झाडपाल्याचा मुकुट मिळे. तो काही दिवसांत सुकून जाई. गुणपत्रिकेचा कागदही पिवळा पडतो.

म्हणून बंधुभगिनींनो, एक छोटीशी विनंती. स्पर्धेहून मूल घरी आले, की "कितवा नंबर आला?" हे जरूर विचारा. पण त्याआधी पाणी द्या, जवळ बसवा आणि विचारा, "धावताना कसे वाटले?" परीक्षेहून आले की "किती गुण पडतील?" याच्याआधी विचारा, "यंदा शिकलास त्यातले काय आवडले?" या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर असेल, तर खेळ आणि अभ्यास यांत भांडण लावण्याची गरज नाही. उत्तर नसेल, तर वाढीव गुण मिळूनही त्याच्या हाती फारसे काही लागलेले नाही, आणि ते शोधायला त्याला आपली मदत हवी आहे.

आपला,
धर्मगुरू