सावली चुकते, तरी वेळ कळते



"मन पूर्ण शुद्ध झाले की लिंगपूजेला बसेन." "नीट बोलता येऊ लागले की सभेत वचन म्हणेन." "सगळे भांडवल जमले की दुकान घालीन." अशी वाक्ये आपण घरोघरी ऐकतो. ऐकताना ती नम्रतेची वाटतात. पण त्यांच्या तळाशी बहुधा भीती असते. मनुष्य चुकीला जितका भितो, त्याहून अधिक तो चूक चारचौघांना दिसण्याला भितो. तेव्हा प्रश्न असा, की पूर्णता आधी की कृती आधी?

उज्जैनला महाकालाच्या दर्शनास जाणाऱ्यांनी क्षिप्रेकाठची वेधशाळा अवश्य पाहावी. जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. पितळेची यंत्रे झिजतात, त्यांचे आस सरकतात, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून त्यांनी दगडचुन्याची मोठी यंत्रे उभारली, आणि तीही दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी व उज्जैन अशा पाच ठिकाणी, की एका ठिकाणचा वेध दुसऱ्याशी ताडून पाहता यावा. आपलेही वेध चुकू शकतील हे ज्याने आधीच धरले, त्यानेच एवढे काम केले. पुढे यंत्रांची पडझड झाली, तेव्हा १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी त्यांचा जीर्णोद्धार करविला.

तेथील सम्राट यंत्राची सावली आपल्या मनगटावरील घड्याळाशी जुळत नाही. उज्जैन हे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून पावणेसात अंश पश्चिमेला आहे; त्यामुळे तेथील सूर्याची वेळ सरासरी २७ मिनिटे मागे असते. हा फरकही स्थिर नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो ११ मिनिटांच्या आसपास असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास ४१ मिनिटांपर्यंत जातो. शिवाय सूर्यबिंबाला रुंदी असल्याने सावलीची कडाही पुसटच पडते. म्हणून यंत्र कोणी टाकून दिले नाही. सावली वाचावी, त्या दिवसाचा फरक तीत मिळवावा, की वेळ हाती येते. पण मिळवायचे कशात? आधी वाचलेल्या वेळेत! वाचलेच नाही, तर दुरुस्त काय करणार?

शरणांनी हेच केले. बाराव्या शतकात ज्ञान म्हणजे संस्कृत आणि काव्य म्हणजे छंद असे मानले जाई. नुलिय चंदय्या दोर वळीत, अंबिगर चौडय्या नाव हाकीत, आयदक्की लक्कम्मा वेचलेल्या तांदळावर संसार व दासोह चालवीत. "आधी छंदशास्त्र शिकू, मग बोलू" असे ते म्हणाले असते, तर आज आपल्या हाती वचने नसती. जी भाषा तोंडी होती, तीत ते बोलले.

येथे कोणी विचारील, "मग कसेही काम केले तरी चालेल काय?" मुळीच नाही. शरणांनी सत्यशुद्ध कायक सांगितले आहे. मारय्या एकदा गरजेपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून यायला लावले. परीक्षा कडकच होती. पण ती हेतूची होती. कायकात लबाडी नसावी, लोभ नसावा, आळस नसावा. उणेपणा मात्र असू शकतो. आळशी माणूस उणे झाकतो, भित्रा माणूस उण्यापायी कामच टाळतो, आणि साधक उणे पाहून दुसऱ्या दिवशी तेवढे सुधारतो. तिघांत अंतर आहे ते इतकेच.

आत्मविश्वास हा कामाआधी मिळणारा प्रसाद नव्हे. केलेल्या कामाची जी आठवण मनात साठते, तिलाच आपण आत्मविश्वास म्हणतो. म्हणून ज्याचे मन पूजेत ठरत नाही त्याने चंचल मनानेच आज इष्टलिंग तळहाती घ्यावे; ठरणे पूजेतूनच येईल. ज्या मुलीचा आवाज कापतो तिने कापऱ्या आवाजातच एक वचन म्हणावे, आणि ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तिची चूक हसण्यावारी न नेता प्रेमाने सांगावी. चूक दाखवण्याची रीत गोड असेल, तरच घरातली मुले काम करायला धजतात.

उद्याच्या निर्दोष कायकापेक्षा आजचे प्रामाणिक कायक शिवाला अधिक जवळचे आहे.