हॉटेलातले पारणे

वारकरी सज्जनहो, परान्न घ्यावे की न घ्यावे हा आपल्या मंडळींतला जुना प्रश्न आहे. मी पाठशाळेत असताना गुरुजींनी दंडक घालून दिला होता, की हॉटेलाची पायरी चढावयाची नाही. पुढे चाळीस वर्षे कीर्तनासाठी गावोगाव हिंडलो, पण पडशीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असे. तो नेम गेल्या वर्षी बंगळूरला मोडला.

आम्ही उडुपीला श्रीकृष्णाच्या दर्शनास निघालो होतो. सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू बरोबर. एकादशी गाडीतच झाली. द्वादशीस सकाळी बंगळूरला उतरलो. पारण्याची वेळ टळू द्यावयाची नाही आणि उतरलो तेथे चूल नाही! सूनबाई भीत भीत म्हणाली, "मामंजी, लालबागेजवळ एक जुनं ठिकाण आहे. शुद्ध शाकाहारी." सौ. म्हणाली, "अहो, चला आता. पोराचं तोंड बघा केवढंसं झालंय."

ते ठिकाण म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स. उडुपीकडच्या मैय बंधूंनी १९२४ साली आरंभलेले. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा इथल्या लोकांनी रव्याची इडली काढली असे सांगतात. आणीबाणीत सरकारने खाण्याचे भाव फार खाली बांधून दिले. त्या भावात चांगले जिन्नस घालणे परवडेना, तेव्हा हलके जिन्नस घालण्यापेक्षा या लोकांनी काही काळ दारच लावून घेतले. पैसे घेऊन अन्न देणाऱ्याने हे करावे, याचे मला नवल वाटले. आपल्याकडे देवाच्या नावाने चाललेल्या अन्नछत्रांतही डाळीत पाणी वाढते, ते मी पाहिले आहे. असो.

नाव लिहून माडीवर तासभर बसलो. मनात छांदोग्यातला उषस्ती चाक्रायण आला. कुरुदेशात दुष्काळ पडला तेव्हा त्याने हत्तीच्या माहुताच्या पुढ्यातले उष्टे कुळीथ मागून खाल्ले. माहूत पाणीही देऊ लागला, ते मात्र नाकारले. कारण कुळथावाचून प्राण गेले असते, पाणी कोठेही मिळाले असते. प्राणसंकटी सर्व अन्नास मोकळीक, असा याचा अर्थ शास्त्रकार लावतात. पण माझ्या प्राणावर काय बेतले होते? एका दिवसाचा उपास आणि नाकात शिरलेला तुपाचा वास! तेव्हा उषस्तीच्या आडोशाला मला उभे राहता येईना.

खाली बोलावले. चौघांचेच मेज, म्हणून नातू आणि मी एका वेगळ्या मेजावर बसलो. तेथे आधीच एक खाकी सदऱ्याचे गृहस्थ बसले होते. रिक्षा चालवीत असावेत. त्यांना मराठी येईना, मला कानडी. रवा इडली आली, शेजारी बटाट्याचे सागू आणि तूप. नातवाचा हात चटणीच्या वाटीपर्यंत पोचेना, तेव्हा त्या गृहस्थांनी ती पुढे सरकवली. मग त्यांचे लक्ष माझ्या तुळशीच्या माळेकडे गेले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "विठ्ठल." आपला देव मूळचा कानडा म्हणतात ना! मी हात जोडले, पण घास काही घशाखाली उतरेना.

कारण मला १९८३ सालचा एक सप्ताह आठवला. गावाचे नाव सांगत नाही. काल्याच्या आदल्या रात्री मी नाथांचे आख्यान लावले होते. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी अंत्यजांना वाढला, ती कथा. लोक रडले. मीही रडलो. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीची पंगत बसली. सात दिवस ज्याने स्वयंपाकासाठी सरपण फोडले तो माणूसही पंगतीच्या टोकाला बसला. कोणीतरी त्याला उठवले. "तुझं पान तिकडं गोठ्याकडं." तो उठला आणि उठताना त्याने माझ्याकडे पाहिले. आदल्या रात्री तोही ऐकायला बसला होता, शेवटच्या रांगेत. मी खाली पानाकडे पाहिले. श्लोक म्हणावयास मलाच सांगितले होते, तो मी म्हटला.

रामानुजाचार्यांनी अन्नाचे तीन दोष सांगितले आहेत. पदार्थाच्या जातीचा, ज्याच्याकडून ते येते त्या आश्रयाचा, आणि केस वगैरे पडल्याने येणारा निमित्ताचा. हॉटेलाला आम्ही नाक मुरडतो ते या मधल्या दोषासाठी. मग त्या सप्ताहातले अन्न पाहा. स्वयंपाकी सोवळ्यात, तूप घरचे, नैवेद्य झालेला. तीनही कसोट्यांना उतरलेले! शंकराचार्य त्याच 'आहार' शब्दाचा अर्थ निराळा करतात. इंद्रियांनी जे जे आत घेतले जाते तो आहार. त्या पंगतीत डोळ्यांवाटे मी जे आत घेतले ते चाळीस वर्षे पचलेले नाही.

आता हॉटेलाचाही फार गौरव करू नये. तेथे जात विचारीत नाहीत, पण खिसा पाहतात. आणि हॉटेलांची दारे सर्वांना उघडली ती काही सगळ्या मालकांच्या अंतःकरणाने नव्हे. १९५० साली राज्यघटना आली, १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, त्याने उघडली. पंढरीच्या मंदिरासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, हे आपण विसरून चालणार नाही. पण गोठ्याकडे मांडलेल्या त्या पानासाठी कोण उपोषण करणार होता? तेथे एक शब्द पुरला असता, आणि तो माझ्याच जिभेवर होता.

नातवाने विचारले, "आबा, ते काका आपल्या ओळखीचे होते?"

"नाही रे."

"मग तुम्ही रडलात का?"

तिखट लागले, असे मी सांगितले. पारण्याच्या दिवशी हे एक असत्यही पदरी पडले.

यंदा त्या गावचे सप्ताहाचे निमंत्रण पुन्हा आले आहे. तो माणूस हयात असल्याचे कळले. थकला आहे, लेकाकडे असतो. मी येतो म्हणून कळवले आहे. देवळात जाण्याआधी त्याच्या घरी जाईन. तो ओळखील की नाही, 'बसा' म्हणेल की नाही, हे त्याच्याकडे.