चंद्रावरचे पाऊल आणि मनातला संशय

गेल्या हिवाळ्यातील एका संकष्टीची गोष्ट. चंद्रोदयाला अजून अवकाश होता. अर्घ्याचे ताम्हन घेऊन आम्ही घरची मंडळी निपाणीच्या आमच्या अंगणात बसलो होतो. इतक्यात बेळगावला महाविद्यालयात शिकणारा माझा नातू म्हणाला, "आजोबा, माणूस चंद्रावर गेलाच नव्हता. ते सगळे अमेरिकेत एका स्टुडिओत रचलेले नाटक होते." एवढे बोलून त्याने मोबाइलवरील एक चित्रफीत माझ्यापुढे धरली. मी त्याला तत्काळ उत्तर दिले नाही. याच अंगणात, याच घटनेविषयी, मी बालपणी आणखी एक संशय ऐकला होता. ते दोन संशय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

दिवस होता २१ जुलै १९६९, सोमवार. चंद्राच्याच नावाचा वार! अपोलो ११ या मोहिमेचे यान आपल्याकडील वेळेनुसार मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमारास चंद्रावर उतरले आणि सकाळी साडेआठच्या सुमारास नील आर्मस्ट्राँग यांनी तेथे पहिले पाऊल ठेवले. मागोमाग एडविन ऑल्ड्रिन उतरले. तिसरे सहकारी मायकेल कॉलिन्स चंद्राभोवती फिरत राहिले. आमच्या भागात हे दृश्य कोणीही पाहिले नाही. दूरचित्रवाणी तेव्हा भारतात केवळ दिल्लीस होती. मुंबईत ती १९७२ साली आली. शेजारच्या तंबाखूच्या वखारीत रेडिओ होता, त्याभोवती जमून आम्ही बातमी ऐकली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

धावत घरी येऊन मी ती बातमी आजीला सांगितली. ती हातातले निवडण बाजूला ठेवून म्हणाली, "चंद्राला पाय लावला? मग चतुर्थीला आम्ही अर्घ्य द्यायचे ते कोणाला?" वडील ओसरीवर होते. ते म्हणाले, "आई, पहाटे उठल्यावर धरणीला पाय लावण्याआधी तू तिची क्षमा मागतेस. मग दिवसभर तिच्यावरूनच चालतेस. म्हणून ती देवता उरत नाही का?" आजी काही बोलली नाही. पुढच्या संकष्टीला आभाळ पावसाने भरलेले होते, चंद्र दिसला नाही. पंचांगातील चंद्रोदयाची वेळ पाहून तिने नेहमीप्रमाणे अर्घ्य दिले, हात जोडले आणि वडिलांना विचारले, "ती पोरे सुखरूप घरी पोचली ना?"

आज विचार करता त्या प्रसंगातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. आजीला शंका आली, ती तिने मोकळेपणाने विचारली, आणि समाधानकारक उत्तर मिळताच ती सोडून दिली. ही पहिली. दुसरी अशी की, ढगाआड चंद्र उगवला आहे हे तिने डोळ्यांनी पाहिले नव्हते. पंचांगकर्त्याच्या शब्दावर तिने विश्वास ठेवला. हा विश्वास आंधळा म्हणता येणार नाही. निरभ्र रात्री पंचांगाची वेळ आणि प्रत्यक्ष चंद्रोदय यांचा मेळ बसतो, हे ती आयुष्यभर पाहत आली होती.

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा फार खोल विचार केला आहे. न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोण? वात्स्यायनांच्या भाष्यानुसार, ज्याला ती वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. आपली जन्मतिथी आपण आईच्या शब्दावरच मानतो. शब्दप्रमाण वगळले तर मनुष्याचे ज्ञान त्याच्या अंगणापुरते उरेल.

याच शास्त्रात संशयाला फार मानाचे स्थान आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसरा क्रमांक संशयाचा आहे. संशय हे पाप नव्हे. तो शोधाचा उंबरठा आहे. परंतु उंबरठ्यावर बिऱ्हाड करता येत नाही. संशयाने चौकशीकडे आणि चौकशीने निर्णयाकडे जावे, अशी ती वाट आहे. चर्चेचेही शास्त्रकारांनी तीन प्रकार केले. सत्य जाणण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे ती वितंडा. वितंडा करणाऱ्यास काहीच सिद्ध करावे लागत नाही, म्हणून ती फार सोपी असते.

आता चंद्राकडे वळू. हा संशय पसरला तो मुख्यतः अमेरिकेतूनच. १९७६ साली बिल केसिंग नावाच्या लेखकाने चंद्रावर कोणी गेलेच नाही असे सांगणारे पुस्तक काढले. व्हिएतनामचे युद्ध नुकतेच संपले होते. १९७४ साली तेथील राष्ट्राध्यक्षांना असत्य उघड झाल्यामुळे पद सोडावे लागले होते. सरकार खोटे बोलते, हा लोकांचा अनुभव ताजा होता. तेव्हा शंका येणे अस्वाभाविक नव्हते. मात्र शंका आल्यावर चौकशी कोणी केली आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहावयास हवे.

प्रथम साक्ष प्रतिपक्षाची. सोव्हिएत रशिया त्या काळी अमेरिकेचा कट्टर प्रतिस्पर्धी होता. त्याचे लूना १५ हे मानवरहित यान त्याच दिवसांत चंद्राभोवती फिरत होते आणि २१ जुलै रोजीच चंद्रावर आदळून नष्ट झाले. नाटक उघडे पाडण्यात ज्याचा सर्वांत मोठा लाभ होता, त्या रशियानेही हे यश नाकारले नाही. दुसरी साक्ष दगडांची. अपोलो ११ ने सुमारे साडेएकवीस किलो, आणि १९७२ पर्यंतच्या सहा यशस्वी अवतरणांनी मिळून सुमारे ३८२ किलो दगडमाती आणली. तिचे नमुने अनेक देशांना अभ्यासासाठी मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दगडांतील स्फटिकांवर अंतराळातील किरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषा अभ्यासल्या. पृथ्वीवरील दगडांना वातावरणाचे कवच असते. त्यांच्यावर अशा खुणा उमटत नाहीत. तिसरी साक्ष आपल्याच यानाची. चांद्रयान-२ च्या परिक्रमायानाने २०२१ साली अपोलो ११ च्या अवतरणस्थळाचे छायाचित्र घेतले; तेथे मागे राहिलेला यानाचा भाग त्यात दिसतो.

आणखी एक गोष्ट आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले, तेव्हा आपण सर्वांनी घरोघरी टाळ्या वाजविल्या. त्या सायंकाळी पडद्यावर आपल्याला काय दिसले? मुख्यतः आकृती, आकडे आणि शास्त्रज्ञांचे आनंदलेले चेहरे. तरीही आपण विश्वास ठेवला, आणि तो योग्यच होता. जो तराजू आपण दुसऱ्याच्या श्रमाला लावतो, तोच आपल्या श्रमाला लावण्याची तयारी हवी. लक्षावधी माणसांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाला लबाडी म्हणणे हा केवळ मताचा प्रश्न नाही. ती त्या माणसांवर घातलेली चोरीची आळ आहे, आणि आळ घेणाऱ्याने पुरावा द्यावा हा साधा धर्म आहे.

हे मी मोठ्या अधिकाराने लिहीत नाही. तरुणपणी एका उत्सवसमितीत असताना मी स्वतः हीच चूक केली. वर्गणीच्या हिशेबाविषयी कोणीतरी कानाशी लागले. मी वही उघडून पाहिली नाही; चार ठिकाणी केवळ एवढेच म्हणालो, "काहीतरी पाणी मुरते आहे." हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थांनी वही सर्वांसमोर ठेवली आणि काम सोडले. वहीत पै-पैचा मेळ होता. मी नंतर त्यांची क्षमा मागितली, त्यांनी ती केलीही. परंतु ते पुन्हा कधी समितीत आले नाहीत. माझा संशय फुकटचा होता, त्याची किंमत मात्र त्यांनी मोजली. वही समोर असताना न पाहणे आणि न पाहता संशय घेणे, यालाच शास्त्रकारांनी वितंडा म्हटले असावे असे मला वाटते.

म्हणून त्या रात्री मी नातवाला रागावलो नाही. त्याच्या चित्रफितीत विचारले होते की, चंद्रावरील छायाचित्रांत आकाशात तारे का दिसत नाहीत? मी म्हटले, "बाळ, अंगणातला मोठा दिवा लाव. आजी तुळशीपाशी उभी राहील. तिचे चित्र काढ." त्याने काढले. आजी स्पष्ट आली. वरचे आकाश काळेभोर. डोळ्यांना दिसणारा एकही तारा चित्रात नव्हता. उजळलेली वस्तू टिपण्यासाठी कॅमेरा प्रकाश थोडाच आत घेतो, तेव्हा मंद तारे उमटत नाहीत. चंद्रावर तर भर उन्हाची वेळ होती. तो काही वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पण तिथे वारा नसताना झेंडा कसा हलला?" मी सांगितले की झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी बसविली होती, आणि हवेचा अडथळा नसल्यामुळे एकदा हललेले कापड लवकर थांबत नाही. "हेही माझ्या शब्दावर मानू नकोस," मी म्हटले, "शोधून पाहा."

त्याचे पूर्ण समाधान झाले की नाही, मला ठाऊक नाही. परंतु आता तो प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत होता, हे मला पुरेसे वाटले. वाचकहो, आपल्या मुलांना शंका घेऊ नका असे सांगू नये. शंका घ्या, वही उघडा, आणि वहीत जे निघेल ते मान्य करा, एवढे सांगावे. तेवढ्यात पूर्वेकडे चंद्र वर आला. नातवाने ताम्हन उचलून आजीच्या हाती दिले आणि आम्ही सर्वांनी हात जोडले.