निरूपणाची भाषा आणि श्रोत्याचा अधिकार

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी ब्रह्मविद्येचे निरूपण मराठीत केले, हे मार्गातील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक असलेल्या गोष्टीचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. ज्या देहाचा स्वीकार करून परमेश्वर महाराष्ट्रात विहरले, तो देह गुर्जर देशीचा, भडोचचे प्रधान विशाळदेव यांच्या पुत्राचा, हरपाळदेवांचा. त्या घरची बोली गुजराथी. शास्त्रचर्चेची त्या काळची भाषा संस्कृत. या दोन्ही भाषा बाजूस ठेवून स्वामींनी तिसरीच भाषा निरूपणासाठी घेतली. सर्वज्ञास भाषा शिकणे नाही, ती निवडणे मात्र आहे. आणि परमेश्वराची निवड निर्हेतुक असत नाही. शिकण्याचा प्रश्न येतो तो जीवाकडे.

या निवडीमागील हेतू श्रीनागदेवाचार्यांनी जसा ओळखला तसा दुसऱ्या कोणी क्वचितच ओळखला असेल. केशिराजबास हे संस्कृताचे मोठे पंडित. त्यांचे रत्नमालास्तोत्र प्रसिद्धच आहे. निरूपणाचा विषय संस्कृतात बांधण्याची त्यांची प्रवृत्ती पाहून आचार्यांनी त्यांना निवारले, हा प्रसंग स्मृतिस्थळात आला आहे. आचार्यांनी दिलेले कारण लक्षात घेण्यासारखे आहे. संस्कृत भाषा अपवित्र आहे किंवा अपुरी आहे, असे ते म्हणाले नाहीत. मराठी श्रेष्ठ आहे, असेही म्हणाले नाहीत. मार्गातील म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, एवढेच त्यांचे म्हणणे. पंडितांनी संस्कृतात प्रश्न केला असता, स्वामींनी आपणास मराठीत सांगितले, तेव्हा मराठीतच विचारा, असेही त्यांनी सांगितल्याची आठवण आहे. ज्ञानाच्या दारात कोण उभा राहू शकतो आणि कोणाला माघारी जावे लागते, या एकाच कसोटीवर आचार्यांनी भाषेचा निर्णय केला. मराठीच्या गौरवाची भाषणे करणारे पुष्कळ जण हा प्रसंग भाषाभिमानाचे प्रमाण म्हणून सांगतात. त्यात प्रसंगाचा अर्धाच अर्थ येतो.

त्या म्हाताऱ्यांची योग्यता पुढे काळानेच सिद्ध केली. म्हाइंभट सराळ्याचे, शास्त्राभिमानी विद्वान. शके १२०० च्या सुमारास लीळा संकलित करण्याचे कार्य त्यांनी हाती घेतले, तेव्हा जो जो स्वामींच्या सन्निधानात होता त्याच्याकडे जाऊन त्यांनी विचारले, ऐकले आणि लिहून घेतले. त्यात स्त्रियांच्या आठवणी थोड्या नाहीत. गोविंदप्रभूंच्या लीळा लिहिताना तर त्यांच्या मुखीची वऱ्हाडी बोली त्यांनी जशीच्या तशी राहू दिली. पंडिताच्या लेखणीने ती सुधारली नाही. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, आणि ज्यांच्या स्मरणातून लीळा पुन्हा सिद्ध झाल्या त्यांत हिराइसांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या नावाचा पाठ आजही ओळखला जातो. निरूपण संस्कृतात झाले असते तर हा ठेवा कोणाच्या कंठात उरला असता, याचा विचार साधकांनी अवश्य करावा.

आता प्रश्न आजचा. ज्या मराठीने म्हाताऱ्यांना दार उघडले, तीच सातशे वर्षांपूर्वीची मराठी आज त्यांच्या पणतवंडांना दाराबाहेर ठेवीत आहे काय? उपदेश घेतलेला तरुण लीळाचरित्र उघडतो आणि ‘गोसावी’ शब्दाशी थबकतो. त्याच्या गावात गोसावी हे आडनाव आहे; येथे तर परमेश्वराचा निर्देश आहे. ‘नावेक’ म्हणजे थोडा वेळ, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘पाहे’ म्हणजे उद्या, पण तो वाचतो ‘पाहतो’ असे. ‘पहुड’ आणि ‘आरोगण’ हे शब्द पूजेच्या वेळी कानावर पडलेले असतात म्हणून कळतात. हे सर्व शब्द अखेर कोशातून शिकता येतात. अवघड स्थान निराळेच आहे.

ते स्थान विभक्तीचे. सूत्रांच्या भाषेत ‘जीवु’ म्हटले तर जीव हा कर्ता. ‘जीवें’ म्हटले तर जीवाने. ‘जीवीं’ म्हटले तर जीवाच्या ठायी. ‘जीवासि’ म्हटले तर जीवाला. आजची मराठी हा अर्थ ‘ने’, ‘ला’, ‘त’ अशा प्रत्ययांनी आणि ‘ठायी’सारख्या जोडशब्दांनी सांगते; जुनी मराठी पुष्कळदा एका उकाराने, एका मात्रेने, एका अनुस्वाराने सांगते. छापताना किंवा उतरून घेताना तो अनुस्वार गळाला, की वाचकाला शब्द कळतो पण संबंध कळत नाही. आणि ब्रह्मविद्या ही तर संबंधांचीच विद्या आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व परस्परभिन्न. कोणी केले, कोणाकरवी झाले, कोणाच्या ठायी राहिले, याचा निवाडा प्रत्ययावर होतो. ‘परमेश्वरें’ हे ‘परमेश्वरु’ असे वाचले गेले तर एखादे वेळी केवळ व्याकरण बिघडेल. एखादे वेळी मात्र सिद्धांतच बिघडेल. भीष्माचार्यांच्या पंचवार्तिकास मराठीचे आद्य व्याकरण मानतात. सूत्रार्थाच्या विचारात कारकांची चर्चा पूर्वाचार्यांना का करावी लागली, हे यावरून कळते. ते पंडिती कौतुक नव्हते. हल्ली पाठशाळेत हा भाग कंटाळवाणा म्हणून आधी सोडला जातो, हे चांगले लक्षण नव्हे.

परभाषक साधकांची गोष्ट याच संदर्भात पाहावी. पंजाबात हा मार्ग जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला जातो. एके काळी त्याचा प्रसार पेशावर, काबूलपर्यंत झाला होता. १९४७ च्या फाळणीनंतर त्या बाजूचे अनुयायी भारतात आले. आचारसूत्रात कानडदेशी व तेलंगदेशी जाऊ नये, महाराष्ट्रात असावे अशी आज्ञा आहे. ती साधकाच्या वैराग्याच्या रक्षणासाठी आहे, त्या देशींच्या भाषांच्या तिरस्काराने नव्हे, हे येथे सांगून ठेवलेले बरे. पंजाबातील घरी बोली पंजाबी, व्यवहारात हिंदी किंवा उर्दू, आणि पोथी मराठी, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तेथील साधक मराठी शिकतो ती नोकरीसाठी नाही, व्यापारासाठी नाही. सूत्र आणि लीळा मूळ शब्दांत कळाव्यात म्हणून शिकतो. पोटासाठी भाषा शिकणारे जगात असंख्य आहेत. अशा हेतूने परक्या प्रांताची सातशे वर्षांपूर्वीची बोली शिकणारे थोडे.

त्याला काय सोपे जाते आणि काय कठीण, हेही पाहण्यासारखे आहे. ‘ळ’ हा उच्चार पंजाबी बोलीत आहे, म्हणून ‘लीळा’ त्याच्या मुखी सहज बसते. हिंदी भाषकाची जीभ तेथे ‘लीला’ करते. परंतु पंजाबीत आणि हिंदीत लिंगे दोनच. ‘ज्ञान’, ‘दुःख’, ‘शास्त्र’ हे शब्द त्याच्या घरी पुल्लिंगी. मराठीत ते नपुंसकलिंगी, आणि जुन्या मराठीत त्यांच्या क्रियापदावर पुन्हा तोच अनुस्वार. ‘केला’, ‘केली’, ‘केलें’ यांतील तिसरे रूप त्याला मुद्दाम शिकावे लागते. गुजराथी माणसाला मात्र हे कठीण नाही. त्याच्या भाषेत तिन्ही लिंगे आहेत आणि ‘ळ’ही आहे. मौज अशी की, अनुस्वाराचा अर्थ शिकून घेतलेला पंजाबी भिक्षुक पुष्कळदा मराठी घरात जन्मलेल्या तरुणापेक्षा सूत्र अधिक नेमके वाचू शकतो. आपली भाषा आपल्याला येतेच, या समजुतीत दुसरा शिकतच नाही.

कोणी म्हणेल, मूळ शब्द हे परमेश्वराच्या श्रीमुखीचे आहेत. ते कळोत वा न कळोत, त्यांचे पठण पुरे. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण हे साधकाचे अखंड कर्तव्य आहे, यात संशय नाही. पण ज्या लीळेचा अर्थच कळला नाही तिचे स्मरण कशाचे होणार? ध्वनीचे स्मरण होईल, लीळेचे होणार नाही. केवळ ध्वनी पुरेसा असता, तर आचार्यांना केशिराजबासांना थांबविण्याचे कारण नव्हते. संस्कृत स्तोत्राचा ध्वनी म्हाताऱ्यांच्याही कानी पडलाच असता. दुसरा पक्ष याच्या उलट. तो म्हणतो, जुने शब्द टाका, सर्व आजच्या मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणा आणि तेवढेच छापा. या पक्षात कळवळा आहे, पण सूत्र हे अर्थाचे बीज आहे. एकाने केलेला अनुवाद हा त्या एकाला कळलेला अर्थ होय. मूळ बाजूस सारले, की पुढच्या शोधकाला तपासून पाहण्यास काहीच उरत नाही. म्हाइंभटांनी शोध करून लिहिले, आणि पुढे पाठभेदही नावानिशी जपले गेले, ही मार्गाची रीत आहे.

सकळ लिपीचा इतिहासही येथे आठवावा. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजून पूर्वजांनी पोथ्या रक्षिल्या. हेतू रक्षणाचा होता आणि रक्षण झालेही. पण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना या वाङ्मयाचा पत्ता नव्हता, आणि मार्गाविषयी नाही नाही ते गैरसमज पसरले. पुढे लिपीची किल्ली उघड झाली व पोथ्या छापल्या गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. गोविंदप्रभूंच्या भूमीचा हा गौरव आनंदाचा आहे. तरी विद्यापीठ पदवी देईल. सायंकाळच्या निरूपणाला बसलेल्या श्रोत्याला ‘जीवें’ आणि ‘जीवीं’ यांतील भेद समजावून देण्याचे काम निरूपण करणाऱ्याकडेच राहणार.

ते काम फार मोठे नाही. निरूपणात मूळ सूत्र आधी जसेच्या तसे, अनुस्वारासह म्हणावे. मग त्याचा पदच्छेद करून कर्ता कोणता, करण कोणते, आधार कोणता हे आजच्या मराठीत सांगावे. श्रोते पंजाबी किंवा हिंदी भाषक असतील तर तेच त्यांच्या भाषेत पुन्हा सांगावे. त्यात कमीपणा नाही. नवीन उपदेशी मुलाला प्रथम विभक्तीची पाच-सहा रूपे आणि लीळांत वरचेवर येणारे शे-दोनशे शब्द वहीत उतरवून द्यावेत. त्या वहीत घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून भर घालण्यास सांगावे. वऱ्हाडातील आणि गोदातीरीच्या खेड्यांतील वृद्धांच्या बोलीत यांपैकी काही शब्द अजून ऐकू येतात, आणि मुलाने विचारल्यावाचून त्या ते कोणाला सांगणार नाहीत.