पहिला दिवा कोणासाठी?

भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागतो. ती वीज कुठल्या धरणावरून आली, कुठल्या भट्टीत किती कोळसा जळला, याची विचारपूस आपण करीत नाही. महिन्याअखेर बिल येते आणि सारा प्रश्न पैशांत मिटतो. परंतु आपल्या घरापुरती वीज आपणच निर्माण करायची, आपणच साठवायची आणि संपली तर अंधारात बसायचे, असे झाले तर? मग ‘मला किती पाहिजे?’ हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. तो नीतीचा होतो.

अशी घरे जगात आहेत. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली, दहा-अकरा मीटर लांबीची शिडाची नौका विकत घ्यावी, तिच्यातच संसार थाटावा आणि बंदरामागून बंदर पाहत हिंडावे, असे जीवन पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ जोडपी पत्करतात. त्या जुन्या नौकेत बहुधा चार-सहा दिवे आणि एंजिन सुरू करण्यापुरती वीज, एवढीच मूळची तरतूद असते. नवा मालक मात्र फ्रिज, संगणक आणि आपोआप सुकाणू धरणारे यंत्र घेऊन चढतो.

तेथला हिशेब आमच्या आठवीच्या मुलांनाही जमेल. बारा व्होल्टचा लहान फ्रिज चालताना सुमारे पाच अँपिअर वीज ओढतो. दिवसरात्र मिळून तो बारा तास चालला, तर साठ अँपिअर-तास खर्ची पडले. बाकीचा खर्च धरला की शंभरी सहज गाठते. त्यात शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा, की ती निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते. म्हणजे कोठीत दोनशे असले, तरी शंभरांवरच हात ठेवायचा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे येथे सुभाषित नव्हे. तो रसायनाचा नियम आहे.

आता ही कोठी भरायची कशाने? एंजिनाने भरावी, तर थोड्याशा विजेसाठी तीस अश्वशक्तीचे धूड तासन् तास धडधडत ठेवायचे. शिवाय बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा इतका सावकाश भरतो, की डिझेल फुकट जळते. सूर्य निमूटपणे देतो, पण शंभर वॉटच्या तावदानातून चांगल्या उन्हाच्या दिवशी पंचवीस-तीस अँपिअर-तास मिळतात, आणि डोलकाठीची सावली पडली की तेही आटतात. पवनचक्कीची गंमत वेगळीच. वारा दुप्पट झाला, तर तिला आठपट शक्ती मिळू शकते. पण नांगर टाकायला शहाणा नाविक वारा नसलेली जागा शोधतो! पाण्यात फिरणारा पंखा रात्रंदिवस वीज देतो खरा, मात्र नौका चालत असेल तेव्हाच, आणि तिच्या वेगातून थोडा कर वसूल करून. नव्या लिथियमच्या बॅटरीतून साठ्याचा बराच मोठा भाग वापरता येतो. पण ती इतक्या अधाशीपणे वीज खाते, की बंदोबस्त केला नाही तर जुन्या एंजिनावरचा अल्टरनेटर तापून जळतो.

फुकट देणारा दाता यांत एकही नाही. म्हणून यावर सहज सुचणारे उत्तर म्हणजे गरजा कमी करा. आपल्या वैराग्यप्रिय मनाला ते तत्काळ पटते. परंतु मला ते अर्धेच खरे वाटते.

‘सुहैली’ ही बत्तीस फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईत बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणून परतला. वाटेत त्याचा संदेश पाठविणारा रेडिओ निकामी झाला होता. नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ तो लोकांना दिसला. त्यानंतर एप्रिलपर्यंत जगाला त्याची वार्ता नव्हती. तो समुद्रावर सुखरूप होता. पण घरी वाट पाहणाऱ्यांचे काय? संदेशापुरती वीज ही चैन म्हणावी की कर्तव्य?

म्हणजे प्रश्न वीज थोडी की फार, एवढाच नाही. ती कोणासाठी, हाही आहे. समुद्रावरच्या नियमाने याचे उत्तर मोठ्या सुंदर रीतीने दिले आहे. नांगरलेल्या लहान नौकेने रात्री चहूबाजूंनी दिसेल असा एक पांढरा दिवा लावावा, असा तो नियम आहे. बहुधा हा दिवा डोलकाठीच्या टोकावर असतो. त्याच्या प्रकाशात मालकाला पुस्तक वाचता येत नाही की भाजी चिरता येत नाही. तो आहे अंधारातून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी: ‘मी येथे आहे, सांभाळून जा,’ एवढे सांगण्यासाठी. साठ्यावर पहिला हक्क या दिव्याचा. फ्रिजमधले लोणी वितळले तरी चालेल. हा दिवा विझता कामा नये.

हाच न्याय उलटही लागू पडतो. शांत खाडीत दहा नौका विसावल्या असताना एकाने आपल्या बर्फासाठी रात्री जनरेटर लावला, तर गारवा त्याचा आणि जागरण दहाजणांचे. आपल्या सोयीची किंमत कोण मोजतो, हे ज्याने पाहिले नाही, त्याचा हिशेब वहीत बरोबर असूनही चुकलेलाच समजावा.

म्हणून जुन्या नौकेसाठी वीज निवडणाऱ्याने यंत्रांचा भाव विचारण्याआधी आपल्या खर्चाची यादी करावी, आणि तिच्या शिरोभागी दुसऱ्यांसाठी लागणारा दिवा लिहावा. पुढे संदेश, मग सुकाणू, आणि शेवटी आपले सुख. ते सुख अगदी खोडून टाकावे असे मी म्हणत नाही. थंड पाण्याचा एक पेला हे पाप नव्हे. फक्त त्याची जागा त्याला ठाऊक असावी.

या चार दिवसांत आपणही घराबाहेर आकाशकंदील लावतो आणि उंबऱ्याशी पणती ठेवतो. त्यांच्या उजेडात घरातले काम काही होत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला मात्र, आत माणसे आहेत आणि त्यांनी आपली आठवण ठेवली आहे, एवढे कळते.